वेर्नर बंधूंनी मोटरसायकलला काय दिलं?

इंजिनीअरिंगच्या काही मुलांनी विचारलंय: ‘कॉलेजच्या प्रदर्शनासाठी एका जुन्या मोटरसायकलची चालती प्रतिकृती करायची आहे. वाचताना पॅरिसच्या वेर्नर बंधूंचं नाव सारखं येतं. कुणी म्हणतं पहिली मोटरसायकल त्यांची, कुणी म्हणतं डाइमलरची. खरं काय? एवढं मोठं काम केलं असेल तर ही कंपनी आज कुणाला माहीतच कशी नाही? आणि आम्ही त्यांची कुठली गाडी करायला घ्यावी?’

पहिली मोटरसायकल वेर्नरांची नाही. पण आज तुमच्या घरासमोर जी मोटरसायकल उभी असेल, तिचं इंजिन दोन चाकांच्या मधोमध, खाली, पायांच्या पातळीला असतं. ही जागा पक्की करून ती साऱ्या जगाच्या गळी उतरवण्याचं मोठं श्रेय या दोन भावांचं आहे. जुन्या गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. माझ्या मते पहिलं कोण हा वाद जितका रंगवला जातो तितका तो महत्त्वाचा नाही. इंजिन कुठे बसवायचं हा प्रश्न कसा सुटला, यात खरी गंमत आहे आणि शिकण्यासारखंही तिथेच आहे.

आधी वेर्नरांच्या पूर्वीचं थोडक्यात. फ्रान्समध्ये पेरो यांनी मिशो सायकलीवर वाफेचं इंजिन चढवलं, ते १८७० च्या आसपास. जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली लाकडी चौकटीत पेट्रोलचं इंजिन बसवलं. तिला दोन्ही बाजूंना आधाराची छोटी चाकं होती आणि तिचा हेतू इंजिन तपासून पाहण्यापुरताच होता. १८९४ साली म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विकण्यासाठी म्हणून मोटरसायकली बनवायला घेतल्या. १,४८९ सीसीचं आडवं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि त्याचे कनेक्टिंग रॉड वाफेच्या रेल्वे इंजिनासारखे थेट मागच्या चाकाला जोडलेले. वेगळा फ्लायव्हील (फिरणं एकसारखं राखणारं जड चाक) नाही, मागचं भरीव चाकच फ्लायव्हीलचं काम करायचं. इंजिनाचा वेग मिनिटाला अडीचशे फेऱ्यांच्या आसपास. एवढ्या मोठ्या सिलिंडरातून जेमतेम अडीच हॉर्सपॉवर निघायची. फ्रान्समध्येही परवाना घेऊन ही गाडी बनली, पण धंदा दोन-तीन वर्षांतच बसला.

चित्र पालटलं ते १८९५ साली, ‘द दियों-बुतों’ कंपनीच्या इंजिनामुळे. जॉर्ज बुतों यांनी छोटा सिलिंडर घेऊन तो जोरात फिरवायचा ठरवला. सुमारे १३७ सीसी, अर्धी हॉर्सपॉवर, मिनिटाला दीड हजार फेऱ्या. त्या वेगात ठिणगी अचूक वेळी पडावी म्हणून त्यांनी बॅटरी, कॉइल आणि पत्तीवजा कॉन्टॅक्ट ब्रेकर अशी इग्निशनची सोय केली. हे इंजिन त्यांनी तीनचाकीच्या मागच्या अ‍ॅक्सलला जोडलं आणि त्या तीनचाक्या हजारोंनी खपल्या. हलकं, वेगवान इंजिन बनू शकतं हे सगळ्यांना दिसलं. दोन चाकांवर ते ठेवायचं कुठे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथे वेर्नर येतात. मिशेल आणि युजेन, मूळचे रशियातले, पॅरिसमध्ये स्थायिक झालेले. पत्रकारिता हा त्यांचा आधीचा व्यवसाय सांगितला जातो. पुढे ते नव्या यंत्रांच्या व्यापारात शिरले. एडिसनच्या किनेटोस्कोपची पॅरिसमधली विक्री त्यांच्याकडे होती आणि १८९४ साली बुलेव्हार प्वासोनियेरवर त्यांनी त्याचं दालन उघडलं. पेटीत डोकावून एकेकट्याने हलती चित्रं पाहायची, असं ते यंत्र. त्याच वर्षी ल्युमिएर बंधूंचे वडील आंत्वान यांनी पॅरिसमध्ये किनेटोस्कोप पाहिला आणि घरी जाऊन मुलांना या कामाला लावलं. त्यातून निघालेले चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. म्हणजे सिनेमाच्या उंबरठ्यावरही हे वेर्नर उभे होते. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण ते कारखानदार नव्हते. काय खपेल याचा वास त्यांना लवकर यायचा. काहीतरी नवं करून पाहायचं, नाही जमलं तर पुढे सरकायचं, असा त्यांचा स्वभाव त्यांच्या गाड्यांतही दिसतो.

इंजिन त्यांच्यासाठी इपोलित लाबित नावाच्या तंत्रज्ञाने केलं. १८९६-९७ चा काळ. ते आधी सायकलच्या मागच्या चाकावर आडवं बसवून पाहिलं आणि चेनने चाक फिरवलं. जमलं नाही. मग इंजिन पुढे आणलं: हँडलच्या पुढे, पुढच्या चाकाच्या वर, उभं. तिथून चामड्याच्या पिळाच्या पट्ट्याने पुढच्या चाकाला लावलेली मोठी रिम फिरवायची. साधारण २१७ सीसी, पाऊण हॉर्सपॉवर. या गाडीला त्यांनी ‘मोतोसिक्लेत’ असं नाव दिलं आणि ते नोंदवूनही घेतलं. आज फ्रेंच भाषेत तो सर्वसाधारण शब्द झाला आहे.

इंजिन पुढे बसवणं आज विचित्र दिसतं, पण त्यामागे विचार होता. त्या वेळची सायकल ही पूर्ण विकसित झालेली वस्तू होती. तिच्या चौकटीला, पॅडलला, चेनला हात न लावता इंजिन चढवायचं तर मोकळी जागा पुढेच होती. चालवणाऱ्याचं बरंचसं वजन मागच्या चाकावर पडतं, तेव्हा पुढे थोडं वजन आलं तर बिघडतं कुठे? पट्टा आखूड राहतो. पायांच्या आड काही येत नाही. कपड्यांना तेल लागत नाही. एखाद्या दुकानदाराने घेतलेला निर्णय म्हणून पाहिलं तर तो उत्तम होता, कारण गिऱ्हाईकाला आपली ओळखीची सायकलच दिसत होती, फक्त आपणहून पळणारी.

ती चालवायची कशी हे नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. सुरुवातीच्या गाडीत स्पार्क प्लग नव्हता. सिलिंडरच्या डोक्यात प्लॅटिनमची एक बारीक बंद नळी बसवलेली असायची आणि तिच्याखाली पेट्रोलचा छोटा बर्नर. आधी हा बर्नर पेटवायचा आणि नळी लाल होईपर्यंत थांबायचं. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलची एक डबी. हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून खेचली जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. ना पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, ना फवारा सोडणारं जेट. हवा किती घ्यायची ते हाताने जुळवायचं. थंडीत मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), उन्हात जाड (पेट्रोल जास्त), आणि डबीतलं पेट्रोल जुनं झालं की त्यातला हलका भाग उडून जाऊन मागे नुसतं जड उरायचं. इनलेट वॉल्व्हला कॅम नव्हता. पिस्टन खाली जाताना तयार होणाऱ्या पोकळीमुळेच तो उघडायचा आणि हलकी स्प्रिंग त्याला बंद करायची. क्लच नाही, गिअर नाही. म्हणजे पॅडल मारत निघायचं, गाडीने वेग घेतला की इंजिन पकड घ्यायचं, आणि थांबायचं तर इंजिनही थांबायचं. चढ आला की पुन्हा पॅडल. तेल ठरावीक अंतराने चालवणाऱ्यानेच द्यायचं.

तापलेल्या नळीच्या इग्निशनचा मोठा तोटा म्हणजे पेट घेण्याची वेळ आपल्या हातात राहत नाही. दाबाखाली ताजं मिश्रण नळीत शिरून लाल भागापर्यंत पोचलं की पेट घेतं. कधी पोचेल ते नळीची लांबी, तापमान आणि इंजिनाचा वेग यांवर ठरतं. आपल्याकडे टायमिंग एक-दोन डिग्री इकडेतिकडे झालं तर मेकॅनिक कान टवकारतो, इथे तर टायमिंग बांधलेलंच नाही. त्यामुळे इंजिन एका विशिष्ट वेगाला खूश, त्याच्या वर-खाली नाराज.

पण खरा धोका वेगळाच होता. पुढचं चाक फिरायचं पट्ट्याने, म्हणून इंजिन पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याबरोबर वळायलाच हवं. म्हणजे जड लोखंड, जोरात फिरणारा फ्लायव्हील आणि जळता बर्नर, सगळं तुमच्या हँडलबरोबर डावी-उजवीकडे हलतंय, आणि तेही बरंच उंचावर. पॅरिसचे रस्ते त्या वेळी दगडी चिऱ्यांचे, कुठे डांबरी, तर कुठे लाकडी ठोकळ्यांचे. त्यावर घोड्यांची लीद आणि पाण्याच्या गाड्यांनी केलेला चिखल. मागचं चाक घसरलं तर सावरायला क्षणभर वेळ मिळतो, कारण पुढचं चाक अजून तुमचं ऐकत असतं. इथे ओढणारं चाक आणि दिशा देणारं चाक एकच. ते निसटलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी हातातून गेल्या. वजन वर असल्यामुळे गाडी एकदा कलायला लागली की नुसत्या हाताच्या जोरावर आवरत नाही. गाडी आडवी झाली की बर्नर आणि पेट्रोलची डबी जवळजवळच. पडलेल्या वेर्नरला आग लागायची भीती खरी होती. पुढे वेर्नरांनी बर्नर काढून टाकून विजेची इग्निशन आणली आणि आगीचं भय गेलं. घसरणं काही गेलं नाही.

तरीही गाडी खपली, आणि का खपली हे समजण्यासारखं आहे. द दियोंच्या तीनचाकीपेक्षा ती हलकी होती, जिन्याखाली मावायची, आणि इंजिन रुसलं तर सायकलसारखी पॅडल मारत घरी आणता यायची. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत ती परवाना घेऊन बनू लागली. दोन-तीन वर्षं तरी ‘मोटरची सायकल’ म्हटलं की युरोपात लोकांच्या डोळ्यांसमोर पुढे इंजिन असलेली वेर्नरच यायची.

या खपाचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) म्लादा बोलेस्लाव गावात वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याच्या सायकलमध्ये दोष निघाला म्हणून त्याने विकणाऱ्या जर्मन कंपनीला आपल्या चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंटने मग वाक्लाव लाउरिन या कुशल कारागिराला साथीला घेतलं आणि १८९५ साली स्वतःचाच सायकलींचा कारखाना काढला. १८९८ साली क्लेमेंट पॅरिसला गेला असताना त्याने वेर्नरची मोतोसिक्लेत पाहिली आणि एक विकत घेऊन घरी आणली. लाउरिनने ती उघडली, चालवून पाहिली, आणि इंजिनाची जागा चुकली आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यांनी १८९९ साली स्वतःची मोटरसायकल काढली, तिच्यात इंजिन चौकटीत खाली होतं. हीच लाउरिन अँड क्लेमेंट कंपनी १९२५ साली स्कोडा समूहात विलीन झाली. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला २००१ पासून ज्या स्कोडा गाड्या तयार होऊ लागल्या, त्या कंपनीची इंजिनाशी पहिली ओळख पॅरिसहून आणलेल्या एका वेर्नरने करून दिली होती.

इंजिन खाली नेण्याचं श्रेय मग लाउरिनचं की वेर्नरांचं? माझं उत्तर असं: खाली ठेवण्याची बुद्धी एकाहून जास्त लोकांना झाली, आणि लाउरिन त्यांत लवकरचा होता. वेर्नरांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं.

१९०० ते १९०२ या काळातल्या गाड्यांची चित्रं एका शेजारी एक ठेवून पाहा. फ्रान्सची क्लेमाँ आणि बेल्जियमची मिनर्व्हा या कंपन्यांनी इंजिन पुढच्या तिरप्या नळीला अडकवलं. इंग्लंडच्या सिंगरने ते चाकाच्या आतच बसवलं. अमेरिकेत इंडियनने सीटखालच्या नळीच्या जागी ते घेतलं. फेलन आणि रेनर यांनी पुढची तिरपी नळी काढून तिथे तिरपं इंजिन घातलं. कुणी सीटखाली, कुणी कॅरिअरवर, कुणी चाकाच्या मागे. सायकलच्या चौकटीत जिथे म्हणून बोट शिरेल तिथे कुणी ना कुणी इंजिन शिरवून पाहिलं होतं. वेर्नरांनी स्वतः पुढच्या चाकावरचं इंजिन विकून नाव आणि पैसा कमावला होता. चालतंय ते चालू ठेवायचं, असं म्हणून ते गप्प बसू शकले असते. पण १९०१ साली त्यांनी आपलीच कल्पना मोडीत काढली आणि नवी गाडी आणली. इंग्रज तिला ‘न्यू वेर्नर’ म्हणत.

या गाडीच्या पोटाजवळचा भाग नीट पाहिला पाहिजे. सायकलमध्ये जिथे पॅडलचा आस असतो, तिथे पुढची तिरपी नळी आणि सीटची उभी नळी एकत्र येतात. वेर्नरांनी तो सांधाच काढून टाकला. त्या जागी इंजिनाचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात फिरते तो खालचा डबा आला, उभा सिलिंडर त्याच्या वर, आणि दोन्ही नळ्या क्रँककेसलाच येऊन मिळाल्या. पॅडलचा आस थोडा मागे गेला. पट्टा आता मागच्या चाकाकडे. म्हणजे इंजिन चौकटीवर लादलेलं ओझं राहिलं नाही, ते चौकटीचाच एक अवयव झालं. जुन्या बुलेटचं इंजिन ज्यांनी कधी उतरवलं असेल त्यांना हे लगेच कळेल. बुलेटच्या चौकटीत पुढची नळी खाली येऊन इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यांवर संपते, इंजिनाखालून जाणारी नळीच नाही. इंजिन काढलं की चौकट खालून उघडी पडते, आणि म्हणून शिकाऊ पोराला सांगावं लागतं, आधी मागे-पुढे नीट टेकू दे, मग बोल्ट सोड. हे जे इंजिनाने चौकटीचा भार सोसणं आहे, त्याचं मूळ शोधत मागे गेलात की न्यू वेर्नरपाशी येऊन थांबता.

याचे फायदे एकात एक गुंतलेले आहेत. सगळ्यात जड भाग सगळ्यात खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, म्हणजे दोन्ही टायरांवर वजन सारखं पडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड राहते. हँडल मोकळं झालं. ओढायचं काम मागच्या चाकाकडे आणि दिशेचं पुढच्याकडे, अशी वाटणी झाली. क्रँककेससारखा मजबूत डबा चौकटीच्या सर्वांत ताणाच्या ठिकाणी आल्यामुळे चौकट पिळवटणं कमी झालं, आणि मग इंजिनाची ताकद वाढवायलाही वाट मिळाली. सिलिंडर उभा आणि समोरून वाऱ्यात, त्यामुळे थंड राहतो. तेल गुरुत्वाने तळाशी जमतं, क्रँक ते उडवते, बेअरिंगला पोचतं. वरची मोकळी जागा टाकीला मिळाली. पुढे गिअरबॉक्स आला तेव्हा त्यालाही इंजिनामागे आपोआप जागा सापडली. वेर्नरांच्या गाडीत गिअरबॉक्स नव्हता, पण त्याची खोली बांधून तयार होती.

तोटाही एक सांगतो. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा. चौकटीचा ताण त्याच्यावर आला की बोल्टांची भोकं सैल होतात, आणि एकदा का बोल्ट बसतो त्या कानाला चीर गेली की इंजिन आणि चौकट दोन्ही एकदम निकामी. जुन्या गाड्या दुरुस्त करताना ही जागा मी आधी तपासतो. वेल्डिंग करून भागत नाही, सरळ रेषेत पुन्हा बोअर करावं लागतं.

नव्या गाडीने शर्यतीही गाजवल्या. त्या वेळी शर्यती गावोगावच्या उघड्या रस्त्यांवर, एका देशातून दुसऱ्या देशात व्हायच्या. १९०२ च्या पॅरिस–व्हिएन्ना शर्यतीत आल्प्सचा आर्लबर्ग घाट होता. मोटारींमध्ये मार्सेल रेनो जिंकले, मोटरसायकलींमध्ये वेर्नरवरचा ब्यूके. दीड-पावणेदोन हॉर्सपॉवरच्या वर्गातली, गिअर नसलेली गाडी आल्प्स ओलांडून जाते, याचा लोकांवर काय परिणाम झाला असेल याचा विचार करा. पुढच्या वर्षीची पॅरिस–माद्रिद शर्यत मात्र भीषण ठरली. प्रेक्षक रस्त्यावर, धूळ इतकी की पुढचं दिसेना, अपघातांत माणसं गेली. मार्सेल रेनो त्यातच गेले. सरकारने शर्यत बोर्दोला थांबवली. तिथपर्यंतच्या वेळेवर मोटरसायकलींत पुन्हा ब्यूके आणि वेर्नरच पुढे होते.

१९०३ च्या सुमारास वेर्नरांनी आणखी एक मोठी गोष्ट केली: दोन उभे सिलिंडर शेजारी-शेजारी, एकाच क्रँककेसवर. दोन सिलिंडर आडवे ठेवून म्युनिकवाल्यांनी ते आधी केलं होतं, पण उभे, चौकटीत नीट बसणारे, ही मांडणी वेर्नरांची. पुढे १९३७ च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनपासून ही मांडणी इंग्रज मोटरसायकलची ओळख बनली. आपल्याकडे राजदूत ३५० जातीने दोन-स्ट्रोक, पण सिलिंडर तसेच शेजारी-शेजारी. आजची इंटरसेप्टर ६५० तर त्याच घराण्यातली. वेर्नरांच्या हातून मात्र हे इंजिन फार दूर गेलं नाही, कारण तोवर कंपनीला उतार लागला होता.

कंपनी बुडाली कशी, याचं एकच एक कारण देता येत नाही. १९०४ नंतर फ्रान्समध्ये मोटरसायकलची हौस ओसरली. जो श्रीमंत गिऱ्हाईक १९०१ साली दुचाकी घेत होता, त्याला आता छोटी चारचाकी परवडू लागली, आणि पावसात भिजायला त्याला कारण उरलं नाही. शर्यतींच्या नियमांनी उद्योगाला भलत्याच वाटेला लावलं. आंतरराष्ट्रीय चषकासाठी गाडीचं वजन ५० किलोच्या आत हवं असा नियम होता, म्हणून कंपन्या कागदासारख्या चौकटींत प्रचंड इंजिनं कोंबू लागल्या. तशी गाडी सामान्य माणसाच्या काहीच उपयोगाची नाही. १९०५ साली दुर्दांला हा चषक लाउरिन अँड क्लेमेंटच्या गाडीवर वाक्लाव वोंद्रिखने जिंकला. वेर्नर पाहून शिकलेल्यांनी फ्रान्समध्ये येऊन फ्रेंचांना हरवलं. वेर्नरांनी स्वतः मोटारी बनवायचाही प्रयत्न केला, त्यात त्यांचं नाव झालं नाही. १९०५ सालीच मिशेल वारले. १९०८ मध्ये युजेनही गेले, आणि त्याच सुमारास कंपनीचा कारभार आटोपला.

मला वाटतं, दोघा भावांपलीकडे या कंपनीला आधार नव्हता हे यातलं मोठं कारण. शेजारी पेझो (Peugeot) या फ्रेंच कंपनीचं पाहा. त्यांचा लोखंडाचा पिढीजात कारखाना, करवती, कॉफी दळायच्या गिरण्या, १८८० च्या दशकात सायकली. मोटरसायकल हा त्यांच्या अनेक धंद्यांतला एक. सुरुवातीला त्यांनी इंजिन स्वित्झर्लंडच्या झुर्चर आणि ल्युथी यांचं घेतलं, मग स्वतःची इतकी चांगली इंजिनं केली की १९०७ साली ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या पहिल्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) शर्यतीत दोन सिलिंडरच्या वर्गात रेम फाउलर नॉर्टनवर जिंकला तेव्हा त्याच्या नॉर्टनमध्ये इंजिन पेझोचं होतं. मंदी आली तरी पेझो टिकले, कारण इतर धंदे चालू होते. त्यांचा दुचाकी विभाग २०१५ पासून काही वर्षं मुंबईच्या महिंद्राकडे होता. वेर्नरांकडे असं दुसरं काही नव्हतं. कल्पना मोठ्या, भांडवल आणि वारसा तुटपुंजा. म्हणून पेझो सगळ्यांना माहीत आणि वेर्नर विस्मरणात, जरी प्रत्येक पेझो मोटरसायकलचं इंजिन पुढे वेर्नरांच्याच जागी बसलं.

पुढच्या चाकावर इंजिन ठेवणं मुळातच मूर्खपणाचं होतं, असा समज करून घेऊ नका. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स नावाची इंजिनवाली सायकल विकायला आली. तिचं इंजिन बरोबर पुढच्या चाकावर, रबराला घासणाऱ्या रोलरने चाक फिरवणारं. ती लाखांनी खपली, विद्यार्थी, नर्सेस, पोस्टमन सगळ्यांनी वापरली. फरक एवढाच की इंजिन पन्नास सीसीच्या आतलं, अगदी हलकं, आणि रस्ते डांबरी झालेले. जागा तीच, परिस्थिती बदलली. वेर्नर पन्नास वर्षं लवकर आणि पाच-दहा किलो जास्त घेऊन आले होते.

आता तुमच्या प्रतिकृतीचं. १८९७ ची गाडी दिसायला अद्भुत आहे, प्रदर्शनात गर्दी तीच खेचेल. पण चालती करायची असेल तर मी ती करू देणार नाही, निदान आगीची नळी घालून तर नाहीच. बर्नर आणि उघडं पेट्रोल हँडलवर घेऊन कॉलेजच्या मैदानात फिरणं हा खेळ नाही. ती उभी मांडा, इंजिन कापून आतलं दिसेल असं करा. चालवायला १९०१ ची घ्या.

तिच्यासाठी काही सूचना. चौकट जुन्या दणकट सायकलच्या नळ्यांवरून सुरू करा, पण खालचा सांधा कापण्याआधी एक जिग (नळ्या जागेवर धरून ठेवणारा साचा) बनवा, नाहीतर दोन्ही चाकं एका रेषेत येणार नाहीत. इंजिन शंभर-सव्वाशे सीसीचं जुनं चार-स्ट्रोक एक सिलिंडर पुरे. गिअरबॉक्स एकाच आवरणात असतो, तो झाकायचा की कापायचा ते आधी ठरवा. क्रँककेसला चौकट जोडताना पुढे-मागे पोलादी पट्ट्या द्या, अ‍ॅल्युमिनियमच्या कानांवर थेट भार टाकू नका. पट्टा चामड्याचा हवा असेल तर पावसाळ्यात तो सैल पडतो हे लक्षात घ्या आणि ताण द्यायला एक पुली ठेवा. मूळ गाडीचे ब्रेक आजच्या हिशेबाने नावापुरतेच होते, तिथे मात्र इतिहासाशी प्रामाणिक राहू नका. मागे ड्रम ब्रेक लावा आणि रिमवर आणखी एक. कार्बोरेटर फ्लोट आणि जेटवाला लावलात तरी चालेल, वेर्नरांनीही नव्या गाडीत पृष्ठभागावरचा कार्बोरेटर सोडून फवाऱ्याचा घेतला होता.

पहिल्यांदा चालवाल तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून, उतारावर, फक्त पॅडल आणि ब्रेकवर ती कशी वळते ते पाहा. तोल बरोबर साधला असेल तर दोन्ही हात अगदी सैल ठेवूनही ती सरळ जाईल. सरळ जात नसेल तर इंजिन सुरू करू नका, आधी पुढच्या चिमट्याचा कोन तपासा.